नकाशावरची बोटं

साहेबांनी मला एकच गोष्ट बजावली होती, नकाशा पुसायचा नाही. आणि मी नेमका तोच पुसला.

आमचं स्टेशन गोंदिया जिल्ह्यात, मोठ्या लाइनवर आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथे आता दुसरे साहेब आहेत आणि मी अजून तिथेच सफाईला आहे. दोन फलाट, एक पूल, एक तिकीट खिडकी आणि प्रवाशांना बसायला एक हॉल. हॉलची फलाटाकडची बाजू उघडी, तिकीट खिडकी एका बाजूला, वेटिंग रूमचं दार दुसऱ्या बाजूला. नकाशा लावायला जागा उरली ती फक्त गावाकडच्या भिंतीवर, आत येण्याच्या दाराला लागून. तिथे साहेबांनी तो लावला.

साहेब म्हणजे आमच्या भागातल्या आठ-दहा स्टेशनांवर देखरेख करणारे वाहतूक निरीक्षक. त्यांच्या रिटायरमेंटला चार महिने उरले होते. नकाशा त्यांनी स्वतः काढला होता, आणि विभागाचे मोठे अधिकारी तो बघायला येणार होते. त्यांना पटला तर तसले नकाशे लाइनवरच्या बाकीच्या स्टेशनांवरही लागणार होते. नाही पटला तर साहेब घरी गेल्यावर तो फ्लेक्स कुणीतरी धान झाकायला नेला असता. हे त्यांनीच मला हसत सांगितलं होतं. हसत सांगितलं, पण सांगताना चष्मा दोनदा पुसला.

माझं म्हणाल तर मी कोल्हापूरकडची. सातवीत शाळा सुटली. आई आजारी पडली, घरात पाठची तीन भावंडं, मग सुटली ती सुटलीच. लग्न ठरलं तेव्हा मुलगा इकडच्या राइस मिलमध्ये बॉयलरवर होता. वडील म्हणाले, लांब आहे, पण कोल्हापूरला गाडीत बसलं की गोंदियापर्यंत गाडी बदलायची नाही, पोरगी हरवायची नाही. एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी मला रात्रभर आणि वर दिवसभराच्या अंतरावर दिली. इथे आल्यावर पहिलं वर्ष मी एकटी कुठेच गेले नाही. बाजारात गेले तरी परतीची वाट मनात मोजत जायची. मग ठेकेदाराकडे सफाईचं काम लागलं आणि रोज स्टेशनवर यायला लागले. जिथून लोक जातात-येतात तिथेच दिवस काढायचा, आणि मला मात्र पुढचं स्टेशन कुठलं तेही सांगता येत नव्हतं. कुणी विचारलं की मी खराटा जोरात ओढायची, म्हणजे ऐकू आलं नाही असं वाटावं.

साहेबांचा नकाशा आला तेव्हा तो मला पहिल्यांदा बघताच कळला, याचंच मला नवल वाटलं. शाळेतल्या नकाशात डोंगर, नद्या, रंगच रंग असायचे. ह्यात काहीच नव्हतं. मधे एक जाड निळी रेघ, आडवी, सरळ. डाव्या टोकाला नागपूर, उजवीकडे डोंगरगड. त्यावर स्टेशनांचे ठिपके, सगळे सारख्या अंतरावर. गोंदियाला एक मोठा गोल, त्याच्या डावीकडे आमचा ठिपका. त्या गोलातून वर बालाघाटची हिरवी रेघ, खाली सौंदड, अर्जुनी, वडसा, नागभीडकडे जाणारी तांबडी रेघ. नवेगावचं जंगल नाही, तलाव नाही, वळणं नाहीत.

स्टेशन मास्तर म्हणाले होते, "साहेब, हा रेल्वेचा नकाशा आहे का नळाच्या पाइपचा?"

"पाइपचाच," साहेब म्हणाले. "माणूस पाण्यासारखा ह्या टोकातून घालायचा, त्या टोकातून काढायचा. मधे किती वाकलं ते त्याला कायले पाहिजे?"

साहेबांची नोकरी छोट्या लाइनवर सुरू झाली होती. तेव्हा नागभीडकडची गाडी अरुंद रुळांवरून धावायची. एका आडबाजूच्या स्टेशनात ते सहायक होते, आणि येणारा प्रत्येक माणूस खिडकीत तोंड घालून तेच विचारायचा, गाडी कुठं बदलायची, किती स्टेशनांनंतर उतरायचं. उत्तरं देऊन घसा बसला, तेव्हा त्यांनी गेरूने भिंतीवर एक आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर स्टेशनांचे ठिपके दिले. म्हातारी माणसं येऊन ठिपके मोजायची आणि तेवढी बोटं दुमडून गाडीत बसायची. वरचा अधिकारी आला तेव्हा भिंत खराब केली म्हणून त्याने ती चुन्याने पांढरी करून घेतली. साहेबांनी पुन्हा काढली. पुढे ते गार्ड झाले, मग नागपूरला कंट्रोलमध्ये बसले. तिथे मोठ्या कागदावर प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ पेन्सिलने ओढायची असायची, कुठली गाडी किती वाजता कुठे, ते त्या रेघेवरून कळायचं. "तिथं मला कळलं," ते म्हणायचे, "की रेल्वे रुळावर कमी अन् रेघेत जास्त आहे." कंट्रोलमध्ये कॉम्प्युटर आले, पेन्सिली गेल्या, साहेब पुन्हा लाइनवर आले. पण घरी जेवणाच्या टेबलावर रेघा ओढणं चालूच राहिलं. त्यांच्या बायकोने म्हणे ताटाखाली कागद सापडला नाही असा एकही दिवस बघितला नाही.

हे सगळं ते चहा पिताना सांगायचे. मला, म्हणजे झाडू घेऊन उभ्या असलेल्या बाईला. पहिल्यांदा मी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आहे का.

तर नकाशा लावला त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"बाई, हा पुसायचा नाही. लोक बोट लावून बघतात. हळदीचं बोट, चुन्याचं बोट, तेलाचं बोट. जिथं जास्त डाग, तिथं लोक जास्त वेळ अडकले. मला तेच पाहिजे. तीन आठवडे तसंच राहू द्या. मग मी कागद लावून सगळे डाग उतरवून घेईन."

मी हो म्हणाले. आणि रोज बघायला लागले. खरंच, नकाशाला जणू अंग यायला लागलं. नागपूरवर चुना, गोंदियाच्या गोलावर काळपट ओघळ, तांबड्या रेघेवर कुणाच्या तरी लहान लेकराची तूपकट पाच बोटं.

अठरा-एकोणीस दिवस गेले. एका सकाळी ठेकेदाराचा सुपरवायझर मोटरसायकलवरून घाईघाईने आला. वरचे कुणीतरी गाडीने जाता जाता उतरणार होते. "एक दाग नहीं दिखना चाहिए," तो ओरडत होता, "दीवार, बेंच, बोर्ड, सब!" मला घाबरवायला तेवढं पुरतं. मी बाकडी पुसली, खांब पुसले, पाट्या पुसल्या, आणि ओल्या फडक्याचा हात तसाच पुढे गेला. साबणाच्या पाण्याने नकाशा वरपासून खालपर्यंत लख्ख केला. बादलीत पाणी काळं झालेलं बघितलं तेव्हा मला कळलं मी काय केलं.

माझ्याबरोबर काम करणारी इथलीच बाई होती, पोवारांच्या घरची, तोंडाने फटकळ. ती बादलीत वाकून बघून म्हणाली, "झालं. साहेबाचे तीन हप्ते बादलीत. आता गाळून दे त्याइले."

"मला कामावरून काढतील का वं?"

"तुले काढून कोण भेटन त्याइले? इतकं साफ कोणी पुसते का!"

साहेब दुपारच्या गाडीने आले. नकाशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी सांगायच्या आधीच रडायला लागले होते. ते बाकड्यावर बसले, वही काढली, पेन्सिल काढली.

"तुम्ही रोज बघत होता ना?"

"व्हय."

"मग सांगा. कुठं कुठं डाग होते?"

मला वाटलं चेष्टा करतायत. पण पेन्सिल कागदावर टेकलेली होती. मी डोळे मिटले आणि सांगायला लागले. नागपूरवर चुना. वडशाच्या जवळ तेलकट. डोंगरगडवर हळद, देवीला जाणाऱ्यांची. आणि सगळ्यात जास्त डाग कुठं, साहेबांनी विचारलं. सगळ्यात जास्त आपल्या स्टेशनावर. नावाच्या वर, खाली, बाजूला. अगदी कागद घासल्यासारखं.

"आपल्याच स्टेशनावर? इथं तर ते उभेच आहेत."

"साहेब, आधी ते स्वतःला शोधतात," मी म्हणाले. "मी पण आधी तेच शोधलं होतं."

त्यांनी ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी आमच्या ठिपक्यावर मोठा लाल गोल चिकटवला आणि शेजारी ‘तुम्ही इथे आहात’ लिहिलं. त्या दिवसापासून लोकांची बोटं थेट तिथून निघायला लागली. साहेब खूश होते. म्हणाले, "बाई, तुम्ही पुसलं ते बरंच झालं. कागदावर उतरवून घेतलं असतं तर तुम्हाला विचारलं नसतं."

सातवीत शाळा सुटल्यापासून कुणी मला बसवून, पेन्सिल हातात घेऊन काही विचारलं नव्हतं. घरी येऊन मी मालकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग आता साहेबीणबाई, भाकरी कोण टाकणार?" पण ते पण खूश होते.

फक्त एक गोष्ट मी त्या दिवशी साहेबांना सांगितली नव्हती. एवढा मोठा घोळ करून बसले होते, वर आणखी चूक कुठे काढायची? मी बघितलं होतं की लोक नकाशावर बोट फिरवायचे, मग ते बोट तसंच हवेत धरून मागे वळायचे, आणि बाहेर रुळाकडे बघून गोंधळायचे. कुणी मान हलवायचं, कुणी खिडकीवर जाऊन विचारायचं. शहरातली माणसं असं करायची नाहीत. शेतातली माणसं करायची.

ते का, हे मला एका आजीने सांगितलं. माझ्या डोळ्यासमोर ती सकाळी नकाशा बघून गेली होती. डोळे दाखवायला नागपूरला निघाली होती. दुपारी ती उलट्या बाजूने, गोंदियाकडून आलेल्या गाडीतून उतरली आणि थेट हॉलमध्ये येऊन नकाशापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ह्याच पाटीनं मले गोंदियाले नेलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

मास्तर खिडकीतून म्हणाले, "आजी, भोंग्यावर सांगितलं होतं ना?"

"भोंगा काय बोलते ते तुले तरी समजते का? मी पाटीवर भरोसा ठेवला." तिने लाल गोलावर बोट ठेवलं आणि नागपूरपर्यंत डावीकडे ओढलं. मग तो हात तसाच लांब केला, भिंतीच्या पार, बाहेर. "पाह्य. नागपूर बुडतीकडं हाय का नाई? अन् हा हात कोणीकडं चालला? उगवतीकडं! गाडीचं तोंड त्याच बाजूले होतं, बसली मी. पाटी लिवणाऱ्याले सूर्य नाई दिसत का?"

हॉलमधली माणसं हसली. मास्तरही हसले. मी हसले नाही, कारण मला तेव्हा सगळं एकदम दिसलं. नकाशा बघताना आपलं तोंड गावाकडे असतं, रूळ पाठीमागे. नकाशात नागपूर डाव्या हाताला, आणि खरं नागपूर उजव्या हाताला. शिकलेला माणूस पाटी वाचतो, डोक्यात फिरवून घेतो आणि जातो. ही माणसं तिला रस्त्यावरच्या बाणासारखी धरतात. त्यांचं चुकत नव्हतं.

दोन दिवस मी साहेबांना टाळलं. अधिकारी यायला पंधरा दिवस उरले होते, फ्लेक्स छापून झाला होता. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, "बाई, आज चेहरा कसा?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं. आजीचं सगळं सांगितलं, हातवारे करून.

साहेब ऐकत राहिले. मग म्हणाले, "नकाशात उत्तर वर असते, बाई. जगात सगळीकडे तसंच असते."

"असंल साहेब. पण ह्या भिंतीकडं तोंड केलं की उत्तर पाठीमागं राहती."

ते उठले. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. डावा हात उचलला, खाली घेतला. उजवा उचलला. चहा तसाच ठेवून ते गाडीने निघून गेले.

चार दिवस आले नाहीत. माझ्याबरोबरची बाई म्हणाली, "गेले तुझे साहेब. सातवीत शाळा सुटलेली बाई निरीक्षकाले नकाशा शिकवाले निघाली." मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल. काम जाईल ही भीती होतीच, पण ती नेहमीची. मला जास्त लागलं होतं ते हे, की त्या माणसाने आयुष्यभर एक गोष्ट केली आणि शेवटच्या टप्प्यावर मी तिच्यात खोट काढली.

पाचव्या दिवशी ते नवी गुंडाळी घेऊन आले. आम्ही दोघांनी मिळून ती लावली. सगळं फिरलेलं होतं. नागपूर उजवीकडे, डोंगरगड डावीकडे, बालाघाट खाली, अर्जुनी-वडसा वर.

"मी पस्तीस वर्षं ही लाइन डोक्यात एकाच बाजूने बघत आलो," साहेब लांब उभे राहून म्हणाले. "आता हे बघतो तर डाव्या हातानं जेवल्यासारखं वाटते."

"काढायचा का मग?" मी विचारलं.

"नाही. जेवणारे लोक आहेत. मी नाही."

अधिकारी आले त्या दिवशी मी खांबाआड फडकं घेऊन उभी होते. तरुण होते, सभ्य होते. नकाशाकडे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "ये तो उल्टा लगा है. नागपुर राइट में?"

साहेबांनी समजावलं. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही. "कोई पढ़ा-लिखा आदमी आएगा तो हँसेगा. रेलवे को नॉर्थ नहीं मालूम, बोलेगा."

साहेब वरच्या माणसापुढे कधी जास्त बोलत नसत. त्या दिवशी ते म्हणाले, "सर, पाँच मिनट रुक जाइए. कोई भी आए, उसको देखिए. मैं कुछ नहीं बोलूँगा."

मग सगळेच थांबले. मास्तर, अधिकाऱ्यांबरोबरची दोन माणसं, मी. कुणी येईना. मला वाटलं आज नेमकं सगळं गाव घरी बसलंय. शेवटी एक नवरा-बायको आले. त्याच्या डोक्यावर पोतं, तिच्या हातात पिशवी. बाईने नकाशावर लाल गोलाला बोट लावलं, उजवीकडे सरकवलं, दोन ठिपके मोजले. मग तोच हात लांब केला आणि नवऱ्याला म्हणाली, "इकडं. पूल चढा लागन." दोघं पुलाकडे निघून गेले. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अधिकारी त्यांच्याकडे बघत राहिले. "इन्होंने तो कुछ पूछा ही नहीं."

"नहीं सर," साहेब म्हणाले. "पूछना नहीं पड़ा."

मग अधिकारी स्वतः नकाशापुढे जाऊन उभे राहिले. एक हात थोडासा उचलला, कुणी बघतंय का पाहिलं आणि खाली घेतला. "मतलब हर स्टेशन का अलग बनेगा? जैसी दीवार, वैसा नक्शा?"

"हाँ सर."

"आप तो रिटायर हो रहे हैं."

"दो महीने हैं, सर."

त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. "कोने में नॉर्थ का तीर डाल दीजिए. और दो महीने में जितने स्टेशन होते हैं, कर लीजिए. आगे का मैं देखता हूँ."

पुढचं त्यांनी बघितलं का, किती बघितलं, मला माहीत नाही. मला माहीत आहेत ते दोन महिने. साहेबांनी ठेकेदाराला लिहून दिलं आणि आठवड्यातले दोन दिवस मी त्यांच्याबरोबर जायला लागले. काम एवढंच. नकाशा जिथे लावायचा त्या भिंतीपुढे मी उभी राहायची आणि कुठलं गाव कुठल्या हाताला ते सांगायची. साहेब म्हणायचे, मला डोक्यातली लाइन आडवी येते, तुमच्या डोक्यात ती नाही. हे कौतुक होतं, असं मी धरून चालते.

पहिल्यांदा आम्ही अर्जुनीकडे गेलो. तांबड्या रेघेवरून मी कधी गेले नव्हते. गोंदियात गाडी बदलली, आणि मी वाटेतली स्टेशनं बोटांवर मोजत राहिले. उतरलो तर आभाळ पूर्ण भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही. कोरी भिंत समोर होती. साहेबांनी वही उघडली.

"सांगा बाई. वडसा कुठल्या हाताला?"

मी उजवा उचलला. मग वाटलं डावा. "साहेब, सूर्य दिसत नाही. मला सांगता येत नाही."

"मग?"

नळाजवळ एक बाई बाटली भरत होती. मी इतकी वर्षं लोकांचे प्रश्न खराट्याखाली दाबले होते, स्वतः कुणाला कधी विचारलं नव्हतं. मी तिच्याकडे गेले.

"ताई, वडसा कुन्या बाजूला?"

तिने बाटलीवरून नजर न काढता हनुवटीने दाखवलं. "तिकडं. काऊन, नवीन हाय का?"

"हाव," मी म्हणाले, आणि परत येऊन भिंतीपुढे उभी राहिले. डावा हात वर केला. साहेबांनी वहीत रेघ ओढली.